गुलाबरावांचा पंजा

त्या सकाळी गुलाबरावांनी तोंडात घेतलेलं गांडूळ थुंकून टाकलं. एरवी हा प्राणी असा, की चिमटा पाण्यात शिरायच्या आत झडप घालायचा. मी ते गांडूळ पुन्हा त्यांच्या नाकासमोर धरलं, हलवून दाखवलं, थोडी लाडीगोडी लावली. गुलाबराव वळले, टाकीच्या कोपऱ्यात गेले आणि रुसलेल्या जावयासारखे पाठ करून बसले. मी हसले. मग त्यांचे कल्ले दिसले आणि हसू आटलं. कल्ले नेहमी मागे झुकलेले असायचे, आज ते पुढे वळून गालांना चिकटले होते. शेपटीचं टोक हुकासारखं मुडपलं होतं.

गुलाबराव म्हणजे माझा ॲक्सोलॉटल. मूळचा मेक्सिकोतल्या तळ्यांमधला, बेडकाच्या लांबच्या नात्यातला. पण बेडूक मोठा झाला की पाणी सोडतो, हा जन्मभर पाण्यातच राहतो आणि जन्मभर पोरच राहतो. वीतभर लांब, गुलाबी अंग, चार इवलेसे पाय, मानेच्या दोन्ही बाजूंना लाल पिसांसारखे कल्ले आणि सदा हसणारी रुंद जिवणी. मी पुण्यात नोकरीला असताना एका मैत्रिणीने परदेशी जाताना तो माझ्या गळ्यात घातला, आणि मी पार त्याच्या नादी लागले. लग्न करून गडहिंग्लजला आले तेव्हा तोही टाकीसकट आला. विरेश, माझा नवरा, सगळ्यांना सांगायचा की बायकोने माहेरहून एक सूटकेस आणि एक गुलाबराव आणलाय.

घरात आम्ही तिघं. विरेश साखर कारखान्यात इंजिनिअर, आणि गळीत हंगाम चालू असल्यामुळे तो घरी फक्त झोपायला यायचा. तिसऱ्या माझ्या सासूबाई, महानंदा मगदूम. त्यांना सगळे अव्वा म्हणत, म्हणून मीही म्हणायचे. मी अलिबागची, मासे खाऊन वाढलेली. हे लिंगायत घर, अंड्याचंसुद्धा नाव निघायचं नाही. आमच्या लग्नाला अव्वांनी विरोध केला नव्हता आणि फारसा आनंदही दाखवला नव्हता. दिवसभरात माझ्याशी चार-दोन वाक्यं बोलायच्या, तीही जेवलीस का, पाणी आलंय का, इतपतच. तिकडच्या बायकांसारखं ‘मी करतो, मी जातो’ असं बोलायच्या, त्याची मला आधी गंमत वाटायची. पुढे तीही वाटेना. टाकी पहिल्यांदा बघितली तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं होतं, “पाल पाळलीया होय?” त्यानंतर त्या कधी टाकीजवळ फिरकल्या नाहीत. निदान माझी तशी समजूत होती.

माझं काम सॉफ्टवेअर तपासायचं. लोकांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायच्या आणि त्याचे पैसे घ्यायचे. त्यामुळे गुलाबराव आजारी पडल्यावर मी रडत बसले नाही, कामाला लागले. पाणी तपासायचा संच माझ्याकडे होता. काचेच्या नळीत पाणी घ्यायचं, थेंब टाकायचे, रंग बघायचा. अमोनिया नाही, नायट्राइट नाही, बाकी सगळं जिथल्या तिथे. या प्राण्याला उन्हाळा सोसत नाही, म्हणून टाकीवर छोटा पंखा होता आणि फ्रीझरमध्ये मटारशेजारी गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या असायच्या. पाणी छान गार होतं. सगळं ठीक होतं आणि प्राणी ठीक नव्हता.

अशा वेळी पहिला उपाय म्हणजे पाणी बदलणं. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, ते उडून जावं म्हणून मी मागच्या गॅलरीत रात्री बादली भरून ठेवायचे आणि सकाळी उठून टाकीतलं थोडं पाणी काढून तेवढं नवं घालायचे. माझी गिऱ्हाइकं परदेशातली, त्यामुळे झोपायला उशीर आणि उठायला नऊ. आठवड्यातून एकदा पाणी बदलायचे ते मी रोज बदलायला लागले.

गुलाबराव आणखी बिघडले. कल्ल्यांवरची पिसं विरळ होत चालली. मध्येच सुसाट पोहत काचेवर आदळायचे आणि मग तासन् तास निपचित पडून राहायचे. मी कोल्हापूरच्या एका जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला. भला माणूस होता. म्हणाला, म्हैस, कुत्रं, पोपट, काहीही आणा, पण हे नाव मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकतोय. फोटो पाठवला तर उत्तर आलं की तब्येत चांगली दिसते, चेहरा हसरा आहे.

मग माझा संशय कारखान्यावर गेला. हंगामात धुराड्यातून काजळी उडते, गॅलरीतल्या कपड्यांवर काळे कण पडतात, तर बादलीत का पडणार नाहीत? मी बादलीवर झाकण ठेवलं. फरक पडला नाही. मग फिनेलवर गेला. अव्वांना सांगितलं की हॉलमध्ये फिनेलने पुसू नका. त्या दिवसापासून फिनेलची बाटली दिसेनाशी झाली. तरीही फरक नाही. शेवटी मी गुलाबरावांना टाकीतून काढून एका टबात ठेवलं, सगळं पाणी बादलीतलं नवंकोरं. आजारी ॲक्सोलॉटलसाठी हा हमखास उपाय समजला जातो. संध्याकाळपर्यंत ते इतके तडफडले की मी घाईघाईने त्यांना परत टाकीत सोडलं.

तेव्हा मात्र माझा धीर सुटला. विरेश आणि मी जेवायला बसलो होतो, अव्वा आत भाकऱ्या थापत होत्या. मी म्हटलं, “हा गेला ना विरेश, तर मी पुण्याला परत जाणार. उगाच बोलत नाहीये.”

तो हसण्यावारी न्यायला बघत होता. मी त्याला हसू दिलं नाही. या घरात माझं म्हणावं असं एवढंच एक आहे, तू दिवसभर नसतोस, मी इथे बोलते ती या काचेशीच, असं सगळं एका दमात बोलून टाकलं. आतला भाकरीचा आवाज मध्येच थांबला होता, हे मला नंतर आठवलं. तो पुन्हा सुरू झाला आणि अव्वांनी गरम भाकरी आणून माझ्या ताटात वाढली.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या पहिल्यांदा टाकीजवळ आलेल्या मी पाहिल्या. हात मागे बांधून, वाकून, बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “ह्या हाताचं बोट बघितलीस? काळं पडलंय. जाणार ते.”

मी बघितलं. उजव्या पंजाच्या एका बोटाला कडेने राखाडी रेघ होती. मला ती दिसली नव्हती.

“तुम्हाला काय माहीत?” मी जरा तोडूनच विचारलं.

“जाणार,” त्या म्हणाल्या. “आणि शेजारचं बी जाईल.”

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. प्राणी मरायला टेकलाय आणि ही बाई उभं राहून भविष्य सांगते! बोट दोन दिवसांत गळून पडलं. मग शेजारचं. मग पंजाच्या जागी पांढरट बुरशी धरलेलं थोटूक उरलं. अव्वांचं बोलणं खरं होत गेलं तसतसा माझ्या डोक्यात एक विचार घट्ट बसत गेला. तो आधीपासून होताच, मी त्याला दाराबाहेर उभं केलं होतं. सगळं तपासून झालंय, हवा, पाणी, अन्न, गारवा. घरातली माणसंच तेवढी तपासायची राहिलीत. आणि मी झोपलेली असताना घरात एकच माणूस जागं असतं.

म्हणून मी गजर लावून पहाटे उठले. अनवाणी जाऊन स्वयंपाकघराच्या दाराआड उभी राहिले. बाहेर नुकतं फटफटत होतं. अव्वांची अंघोळ झालेली, कपाळावर विभूतीचे पट्टे, केस ओले. त्या मागच्या गॅलरीत गेल्या, माझ्या बादलीवरचं झाकण काढलं आणि सगळं पाणी कढीपत्त्याच्या कुंडीत ओतून दिलं. बादली विसळली. मग आत आल्या, कट्ट्यावरची तांब्याची घागर उचलून कमरेवर घेतली. चिंचेने घासून लख्ख केलेली ती घागर रोज रात्री भरून ठेवलेली असायची. तिच्यातल्या पाण्याने पूजा व्हायची, आणि उठल्यावर अव्वा तेच पाणी प्यायच्या. ती घागर त्यांनी माझ्या बादलीत पालथी केली, झाकण जिथल्या तिथे ठेवलं. रोज नऊ वाजता उठून मी तेच पाणी मोठ्या भरवशाने टाकीत ओतत होते.

मी पुढे होणार, एवढ्यात त्या हॉलमध्ये गेल्या. टाकीसमोर खाली बसल्या. एका हातात पूजेचा छोटा तांब्या होता, त्यातलं तीर्थ त्यांनी धार धरून टाकीत सोडलं. आणि बोलायला लागल्या. माझ्याशी सबंध महिन्यात बोलल्या नसतील तेवढं त्या गुलाबरावांशी बोलल्या.

“घ्या. चांगलं पाणी हाय. ती शिळं पाणी घालते तुम्हाला, तिला कळत न्हाई, ल्हान हाय ती. तुम्ही बरं व्हा. तुम्ही गेलासा तर ती जाणार म्हणते. माझ्या पोराचं घर हाय हो. आणि मला बी... कोण हाय दुसरं?” जरा थांबून म्हणाल्या, “मला बोलाया येत न्हाई तिच्यासंगट. तुमच्यासंगट बोलते ती. तुम्ही तरी ऱ्हावा.”

मी दाराआड भिंतीला टेकून उभी होते. रागाने भरून आले होते, तो राग कुठे ठेवावा ते समजेना. माझ्या हातून दाराची कडी वाजली.

अव्वांनी मागे वळून बघितलं. तांब्या लपवायचा प्रयत्नही केला नाही.

“अव्वा, हे पाणी कधीपासून घालताय?”

“तुझं ते शिळं पाणी बघितलो तवापासनं. रातभर उघडं पडलेलं पाणी मुक्या जिवाला घालतंय का कोण? तांब्यातलं कसं, निर्मळ असतंय. आधी नुसतं तांब्याभर सोडायचो, त्याला बरं वाटंना म्हटल्यावर मी पूर्ण घागरच ओतायला लागलो.”

मला खोटं बोलता आलं असतं. पुढे पुष्कळ वेळा वाटलं की खोटंच बोलायला हवं होतं. पण माझ्या धंद्यात चूक सापडली की ती सांगायचीच असते, आणि सवय जात नाही. मी त्यांच्याजवळ बसले आणि सांगितलं. माणसाला तांब्याचं पाणी मानवतं, कारण आपलं कातडं जाड आहे आणि पोट सगळं पचवतं. याचं अंग उघडं आहे, हा कातड्याने आणि कल्ल्यांनी पाणी पितो, श्वासही त्यातूनच घेतो. तांब्याचा अंश याला विषासारखा लागतो. माझ्या संचात तांबं तपासायचे थेंबच नव्हते, नाहीतर मला आधी समजलं असतं. हे शेवटचं मी त्यांना बरं वाटावं म्हणून सांगितलं. ते खरंही होतं.

अव्वांनी सगळं ऐकून घेतलं. तांब्या जमिनीवर ठेवला, अगदी अलगद, आवाज न होऊ देता.

“म्हणजे मीच,” त्या म्हणाल्या.

“तुम्ही मुद्दाम नाही केलंत.”

“मुद्दाम कोण करतंय,” त्या म्हणाल्या, आणि उठून आत गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी घरात पूजेची घंटा वाजली नाही.

पुढचे दिवस आम्ही दोघींनी मिळून काढले. नळाचं पाणी प्लास्टिकच्या पिंपात साठवायचं, ते अव्वा स्वतः राखायच्या. कुणाला हातसुद्धा लावू द्यायच्या नाहीत. टाकीतली वाळू धुतली, सगळं पाणी हळूहळू पालटलं. बुरशीसाठी खडेमिठाच्या पाण्यात थोडा थोडा वेळ ठेवायचं होतं. देशी बदामाची वाळकी पानं पाण्यात टाकली की या प्राण्यांच्या जखमा भरतात, असं मी कुठेतरी वाचलं होतं. तसं सांगितल्यावर अव्वा पिशवी घेऊन शाळेच्या आवारात गेल्या आणि झाडाखालची पानं वेचून, धुऊन, पुसून घेऊन आल्या. पाणी चहासारखं झालं. मिठाच्या पाण्यातून गुलाबरावांना उचलायचं काम त्यांनीच घेतलं. ओल्या तळहातावर थोटूक वर येईल असं धरायच्या, आणि एवढ्या सफाईने, की मी बघत राहायचे. जखम कुठल्या बाजूने हलवायची, कुठे धक्का लागू द्यायचा नाही, हे त्यांना न सांगता कळत होतं.

मी विरेशला विचारलं की अव्वांनी नर्सचं काम वगैरे केलंय का. तो बूट काढत होता, काढता काढता थांबला.

“बाबांचा पाय,” तो म्हणाला. “तुला मी सांगितलं नव्हतं. शुगर होती. आधी अंगठा काळा पडला, मग बोटं, मग घोट्यापासून काढला, मग गुडघ्यापासून. सात-आठ वर्षं रोजचं ड्रेसिंग अव्वाच करायची. दुसऱ्या कुणाच्या हाताने ते करून घ्यायचेच नाहीत.” राहिलेला बूट काढून बाजूला ठेवत म्हणाला, “शेवटी शेवटी त्यांना फक्त एकदा अंगणातून फाटकापर्यंत चालायचं होतं.”

मी परत हॉलमध्ये गेले तेव्हा अव्वा टाकीसमोर पाटावर बसल्या होत्या. दुसरा पाट आणला आणि शेजारी बसले. पुण्याला जायची गोष्ट मी पुन्हा काढली नाही, आणि त्यांनीही विचारलं नाही. पण दुसऱ्या दिवसापासून दोन्ही पाट तिथेच मांडलेले असायचे.

गुलाबराव खायला लागले. कल्ल्यांना लाली आली, विरळ झालेल्या दांड्यांवर बारीक लव फुटली, मग तिची पिसं झाली. आणि मग ते थोटूक. ॲक्सोलॉटलचा अवयव परत येतो हे मला माहीत होतं, पुस्तकात वाचलं होतं, मित्रमैत्रिणींना सांगून भावही खाल्ला होता. डोळ्यांनी बघणं वेगळं. आधी जखमेवर पातळ कातडं आलं, ओढून बसवल्यासारखं. मग त्यावर एक टेंगूळ, जाईच्या कळीच्या टोकाएवढं, जवळजवळ पारदर्शक. आत तांबूस धागा दिसायचा, रक्त जाऊन येत होतं. कळी लांबली, चपटी झाली, चमच्यासारखी पसरली. एका सकाळी तिच्या कडेला खाच पडलेली दिसली. मग दुसरी. कुणीतरी आत बसून, घाई न करता, आठवून आठवून पंजा घडवत होतं, आणि आम्ही दोघी बाहेर श्वास रोखून बसलो होतो. मला तेव्हा खरंच भीती वाटायची, देवळाच्या गाभाऱ्यात एकटं उभं राहिल्यावर वाटते तशी. आपण जोरात बोललो तर चुकेल, असं वाटायचं.

अव्वा काम सोडून यायच्या. भाजी चिरायला तिथेच घेऊन बसायच्या आणि चिरायच्या नाहीत.

हंगाम संपत आला होता. त्या दुपारी ऊन टाकीच्या मागच्या भिंतीवर पडलं होतं, पाणी स्वच्छ होतं. अव्वा चष्मा लावून काचेला टेकल्या होत्या. मला म्हणाल्या, “मोज बघू. मला धड दिसंना.”

मी मोजली. “चार. पुढच्या पंजाला चारच असतात. सगळी आली.”

“नखं?”

“यांना नखं नसतात, अव्वा.”

“परत काळी पडतील?”

“नाही. नवी आहेत. पहिल्यासारखीच.”

“नुसती बोटंच येतात?”

मी सांगितलं की पूर्ण पाय येतो. शेपूट येते. काळजाचा तुकडा गेला तर तोसुद्धा भरून येतो. पुन्हा गेला तर पुन्हा येतो.

त्यांनी पदराने काच पुसली.

“हे गेले,” त्या हळूच बोलायला लागल्या, “तवा सगळे म्हणाले, ही बाई देवावर रागावत कशी न्हाई? एवढी पूजा, एवढा अभिषेक, आणि पाय कापत कापत न्हेला माणूस. मी रागावलो न्हाई. मी म्हटलो, तोडणं सोपं असतंय, परत लावाय त्याला बी येत नसंल. येत न्हाई त्याला काय बोलायचं?”

त्यांनी चष्मा काढला. डोळे काचेवरून हलले नाहीत.

“येतंय की गं त्याला,” अव्वा म्हणाल्या. “किती चांगलं येतंय.”

मी त्यांचा हात धरला. त्यांनी तो धरू दिला. पाण्यात गुलाबरावांनी नवा पंजा उचलला, वाळूवर टेकवला, जरा थांबले, आणि त्याच्यावर भार देऊन चालायला लागले.